करडईचं तेल आणि अप्पांचं पिस्तूल

आमच्या अप्पांचं पिस्तूल तळहातात मावेल एवढं होतं. बघणाऱ्याला वाटायचं, दिवाळीत टिकल्या फोडायचं खेळणं असेल. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असं म्हणतात. या पिस्तुलाची कीर्ती काहीच नव्हती, कारण अप्पांनी जन्मात ते कुणावर रोखलंसुद्धा नाही. हट्ट मात्र महान होता. मोठ्या बंदुकीपेक्षा लहान पिस्तूल भरायला अवघड असतं, हे मला चाळिशीत कळलं. आत जागा थोडी, म्हणून स्प्रिंग आखूड आणि ताठ. धरायला जागा थोडी, म्हणून बोटं सटकतात. बुटक्या माणसांसारखंच आहे हे, असं मी एकदा अण्णाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला म्हणाले. आमच्या घरात सगळ्यात बुटका तोच, त्यामुळे त्याला ते लागलं.

अप्पा उदगीरला तेलाचे व्यापारी होते. मोंढ्याच्या मागच्या अंगाला आमचा करडईचा घाणा, आणि घाण्याला चिकटून घर. तरुणपणी त्यांना लांबलांबच्या बाजारांना आडवाटेनं एकट्यानं जावं लागे, म्हणून त्यांनी पिस्तुलाचा परवाना काढला होता. पुढे वाटा सुधारल्या, एसटी आली, पण परवाना राहिला. आम्ही लिंगायत. घरात अंडंसुद्धा येत नसे, आणि कपाटात पिस्तूल! आई होती तोवर तिनं त्याला कधी हात लावला नाही. कपाट झाडतानासुद्धा ती ते फडक्यानं बाजूला सरकवायची.

अण्णा लातूरला असायचा. मी नांदेडला. लग्नानंतर थोड्याच वर्षांत माझे यजमान गेले, मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी हाकललं नाही आणि ठेवूनही घेतलं नाही. मी दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि शिवणक्लास काढला. दिवसभर पोरींचा कलकलाट असायचा, डोकं उठायचं. संध्याकाळी त्या गेल्या की मी मशिनींवर कापडं घालायची आणि मग तोच कलकलाट हवासा वाटायचा. एकटीसाठी स्वयंपाक करायचा मला फार कंटाळा. सकाळची भाजी रात्री, नाहीतर नुसतं दही आणि भाकरी. कुणी विचारलं तर मी सांगायची, मला एकटीला बरं वाटतं. हे मी इतक्यांदा सांगितलं होतं, की कुणी विचारायचंच बंद केलं.

लातूर जिल्हा नवानवा झाला होता त्या वेळची ही गोष्ट. सगळीकडे नव्या पाट्या, नवी कार्यालयं, नवे साहेब. पाऊस मात्र जुनाच, रुसलेला. उदगीरला टँकर यायला लागले होते. करडई शेतातच वाळली, घाण्याला बी मिळेना, आणि अप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा हंगामात घाणा बंद ठेवला. त्याआधीच्या उन्हाळ्यात त्यांना लकव्याचा झटका येऊन गेला होता. तोंड लवकर सरळ झालं, पाय ओढत का होईना चालू लागला, पण उजव्या हाताच्या बोटांत जोर परत आला नाही. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा.

दिवाळीला आम्ही तिघंही उदगीरला होतो. आसपास चोऱ्या वाढल्या होत्या. शेजारच्या गोदामाचं कुलूप दोनदा तुटलं होतं. फराळाच्या ताटावरच अण्णानं विषय काढला.

“अप्पा, आता बास झालं. घाण्याची जागा विकून टाकू आणि तुम्ही लातूरला चला.”

“मला काय धाड भरली हितं?” अप्पा म्हणाले. “हत्यार हाय माझ्यापाशी.”

“हत्यार आहे, पण चालवणार कोण? हात उचलतोय का?”

अप्पांनी ताट बाजूला सारलं. मग अण्णानं नवी बातमी सांगितली. आतापर्यंत परवान्याचं काम उस्मानाबादला व्हायचं, कुणी हत्याराकडे ढुंकूनही बघायचं नाही. आता लातूरला नवे साहेब आले होते. त्यांचं म्हणणं, म्हाताऱ्याकोताऱ्यांनी हत्यार घेऊन समक्ष यावं, आपल्या हातानं भरून दाखवावं, रिकामं करून दाखवावं, मगच परवाना पुढे चालू. संक्रांतीनंतर अप्पांची पाळी होती.

“भरून दाखवलंत तर राहा इथंच,” अण्णा म्हणाला. “मी परत तोंड उघडणार नाही. नाही जमलं तर त्याच दिवशी माझ्या घरी.”

“हाव,” अप्पा म्हणाले. “कबूल.”

मला अण्णाचा राग आला. तो वाईट नव्हता. लातूरच्या घरात त्यानं अप्पांसाठी खोलीसुद्धा रंगवून ठेवली होती. पण अप्पांना सकाळी उठून अंगणात उभं राहिलं की घाणा दिसला पाहिजे, मग तो चालू असो की बंद. त्या रंगवलेल्या खोलीच्या खिडकीतून दुसऱ्याची भिंत दिसायची. मला ठाऊक होतं, तिथं ते उन्हाळाही काढणार नाहीत. तसंही दुष्काळामुळे क्लासला पोरी येत नव्हत्या. मी नांदेडच्या खोल्यांना कुलूप लावलं आणि उदगीरला येऊन राहिले.

पहिल्या दिवशी अप्पांनी पिस्तूल बाहेर काढलं. त्याच्या वरचा अर्धा भाग मागे ओढावा लागतो. ओढून सोडला की तो पुढे जाताना मुठीतल्या पेटीतलं काडतूस उचलून नळीत नेतो. त्या भागाला आम्ही घरात ‘झाकण’ म्हणू लागलो, आणि काडतुसांच्या पेटीला मात्र सगळे म्हणतात तसं मॅगझीनच. उजव्या हातात मूठ धरून अप्पांनी डाव्या हाताच्या दोन बोटांच्या चिमटीत झाकण पकडलं आणि ओढलं. ते हललं नाही. पुन्हा ओढलं. उजव्या हातातलं पिस्तूलच वळून त्यांच्या पोटाकडे आलं.

“आणा इकडं,” मी म्हणाले. मी ओढलं. माझ्याही हातून ते जेमतेम बोटाच्या पेराएवढं सरकलं आणि चिकटल्यासारखं परत गेलं. मला वाटलं, बाईचा हात, कुठून जमणार. असं वाटून घ्यायची आपल्याला सवयच असते.

मी आधी नियम घातले. पिस्तुलाचं तोंड कायम कोपऱ्यातल्या पेंडीच्या पोत्याकडे. झाकणाचा सराव करायचा तेव्हा काडतुसं दुसऱ्या खोलीत, डब्यात. मॅगझीन भरायचा सराव करायचा तेव्हा पिस्तूल कपाटात. दोन्ही एकत्र आणायचं नाही. अप्पा म्हणाले, “तू तर त्या सायबापेक्षा कडक हायस.” पण त्यांनी ऐकलं.

मॅगझीनचं लवकर जमलं. ते लहान, त्यातली स्प्रिंग ताठ, आणि दोनतीन काडतुसं गेली की पुढची आत जायला तयार नसतात. अप्पा वरून अंगठ्यानं सरळ खाली दाबायचे आणि नख दुखवून घ्यायचे. मी मॅगझीन पाटावर घडी केलेल्या टॉवेलात उभं केलं आणि पाट त्यांच्या मांड्यांत धरायला लावला, म्हणजे उजव्या हाताला नुसता आधार द्यायचं काम उरलं. मग लक्षात आलं, की नवं काडतूस वरून कोंबायचंच नाही. त्याच्या बुडानं आधीच्याला पुढच्या टोकाशी दाबायचं, जागा झाली की नवं त्याच्यावरून मागे सरकवायचं. उशीला खोळ घालताना आपण आधी एक कोपरा बसवतो आणि मग बाकीची सरकवतो, तसं. अंगठा दुखायला लागला तेव्हा मी माझ्या शिवणाच्या डब्यातलं शिंप्याचं मोठं अंगुस्तान त्यांच्या अंगठ्यात चढवलं. पितळेची ती टोपी घालून अप्पा काडतुसं दाबत बसायचे. त्यांना बघून मला एकटीलाच हसू यायचं, आणि आई असती तर, असं मनात यायचं.

झाकणानं मात्र आमचा अंत पाहिला. चिमटीनं काम होत नाही हे उघड होतं. मी म्हणाले, “अप्पा, डाव्या हाताचा सगळा तळवा वरून ठेवा आणि मूठ वळा. चिमटीत जोर नसतो, मुठीत असतो.”

अप्पांनी हात मागे घेतला.

“त्या तळव्यावर देव बसतो माझा,” ते म्हणाले.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रोज सकाळी आंघोळ झाली, की अप्पा गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर घेत, विभूती लावत, बेल वाहत आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसत. लकव्यानंतरही त्यांची पूजा एक दिवस चुकली नव्हती, कारण देवाचा हात डावा आणि लकवा उजव्याला. यावर ते म्हणायचे, देवानं आपली जागा तेवढी राखून घेतली. आता त्याच तळव्यात मी त्यांना पिस्तूल धरायला सांगत होते. मी फडकं गुंडाळून बघितलं. फडकं सटकायचं. मी वाद घातला नाही, पण मनातून चिडले. देवासाठी हात राखायचा आणि त्यापायी घर घालवायचं, हा कुठला हिशेब?

चारपाच दिवस आम्ही नुसतं मॅगझीनच भरत बसलो. मग एका दुपारी ते आपणहून म्हणाले, “अव्वा, पूजेच्या आदी हात धुतो का न्हाई मी?” आमच्या घरात लेकीला लाडानं अव्वा म्हणतात.

“धुता की.”

“मग आदी धुतो तसं नंतर बी धुवीन. पूजा सकाळी, हे दुपारी. देवाला काय, त्यो समजून घेतो. समजून घेत न्हाईत ती मान्सं.”

पाण्याचा एवढा तुटवडा, पण त्या दिवसापासून सरावानंतर त्यांच्या हातावर तांब्याभर पाणी मी न कुरकुरता घालायची.

तळवा मिळाल्यावर आम्ही पुष्कळ पुढे सरकलो. उजव्या बोटांत जोर नव्हता, पण खांद्यात होता. म्हणून झाकण मागे ओढायच्याऐवजी ते डाव्या मुठीत छातीजवळ घट्ट धरून ठेवायचं, कोपर अंगाला चिकटवायचं आणि उजव्या खांद्यानं पिस्तूलच पुढे ढकलायचं. दार ओढण्यापेक्षा ढकलणं सोपं जातं, तसंच हे. आणखी एक गोष्ट अप्पांना आठवली. मागचा घोडा आधी अंगठ्यानं मागे ओढून ठेवला, तर झाकण बरंच हलकं होतं, कारण मग एकाच स्प्रिंगशी भांडावं लागतं. आणि शेवटची गोष्ट सोडण्याची. झाकण मागे आलं की हळूहळू हातानं पुढे पोचवायला जायचं नाही. तसं केलं तर ते मध्येच अडतं आणि काडतूस तिरकं बसतं.

“सोडायचं तर येकदम सोडावं,” अप्पा म्हणाले. “लेकीला वाटं लावताना वेशीपर्यंत जाऊ नये, तसं.”

“तुम्ही तर नांदेडच्या वाटेवर पार मुखेडपर्यंत आला होतात,” मी म्हणाले.

“म्हनून तर सांगून राहिलो,” ते म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो.

एवढं सगळं करूनही झाकण पुरतं येत नव्हतं. निम्म्यावर यायचं आणि चिकटायचं. संक्रांत जवळ आली. अप्पा आता सरावाला बसायला टाळाटाळ करू लागले. एकदा मी बघितलं, ते घाण्याच्या खोलीत उभे होते आणि बंद यंत्रावर हात ठेवून नुसते बघत होते. निरोप घेतल्यासारखं ते उभं राहणं मला सहन झालं नाही. मी स्वयंपाकघरात येऊन उगाच भांडी घासायला घेतली, पाणी जपायचं सोडून.

आणि तिथंच मला ते दिसलं. तेलाच्या डब्याच्या तोंडाशी पिवळी, चिकट साय जमली होती. करडईचं तेल उघड्यावर राहिलं की आधी घट्ट होतं, मग वाळून लाखेसारखं चिवट होतं. ते नखानं खरवडावं लागतं. हाच पिवळा रंग मी कुठंतरी पाहिला होता. मी ओल्या हातानंच कपाट उघडलं. झाकण ज्या खोबणीतून सरकतं, त्या खोबणीत नख घातलं. नखात पिवळी लाख आली. तिला वास आमच्या घाण्याचा.

“अप्पा,” मी ओरडले, “पिस्तुलाला तेल कुठलं घालता?”

“म्हंजे? आपलं.”

“आपलं कुठलं?”

“आपल्या घान्याचं! खंडेनवमीला. तराजू, कुदळ, हत्यार, समद्याला आपलं तेल लावतो मी. उभी हयात लावून राहिलो.” मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, “का गं? भेसळ न्हाई त्यात.”

माझ्या क्लासात दर वर्षी एखादी पोरगी मशीनला स्वयंपाकघरातलं तेल घालते. चार दिवस मशीन पळतं, मग असं बसतं की चाक फिरत नाही. मग रॉकेलनं सगळं धुऊन काढावं लागतं. उभ्या उदगीरात तेलाचा जाणकार म्हणून ज्याचं नाव, त्यानं आपल्या पिस्तुलाचं तेच केलं होतं. दर दसऱ्याला एक थर. दर वर्षी झाकण थोडं घट्ट, आणि अप्पांचा हात त्याहून दणकट, म्हणून कुणाला कळलं नाही. हात गेला तेव्हा आम्ही सगळा दोष हाताला दिला.

मी हे सांगितलं तेव्हा ते खवळले. “माझ्या तेलाला नाव ठेवतीस? लोक लांबून येत होते या तेलासाठी!”

“लोक भाजीत घालायला नेत होते, अप्पा.”

ते रुसून ओट्यावर जाऊन बसले. मी रेशनचं रॉकेल वाटीत घेतलं. पिस्तुलाचे भाग वेगळे करणं मात्र त्यांनाच ठाऊक होतं, म्हणून मी ते सगळं ओट्यावर त्यांच्यापुढे नेऊन ठेवलं. रुसलेल्या माणसानं एका हातानं भाग सोडवले, मी धरले. जुन्या दातब्रशनं खोबणी घासली. वाटीतलं रॉकेल चहासारखं लाल झालं. पुसून, जोडून, शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडले. अप्पांनी डावा तळवा ठेवला, कोपर दाबलं, खांद्यानं ढकललं आणि सोडलं.

खटॅक.

त्यांनी परत केलं. परत. मग पिस्तूल खाली ठेवून ते आपल्या उजव्या हाताकडे बघू लागले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. “म्हंजे ह्यो मेला न्हाई,” ते म्हणाले. “मला वाटलं, ह्यो मेला.” त्यांचा तो हात मी माझ्या हातात घेतला. लहानपणानंतर मी अप्पांचा हात असा धरला नव्हता.

लातूरला साहेबांच्या नव्या कार्यालयात भिंतींना अजून चुन्याचा वास होता. अप्पांनी अंगुस्तान घालून नकली काडतुसं मॅगझीनमध्ये भरली. साहेब तरुण होते. अंगुस्तान बघून त्यांच्या तोंडावर हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. पिस्तूल भरलं. रिकामं केलं. साहेब म्हणाले, “आजोबा, परत एकदा.” अप्पांनी परत एकदा केलं, आणि या वेळी जरा ऐटीत. अण्णा दारात उभा होता. त्यानं खरोखरच परत तोंड उघडलं नाही.

अप्पा उदगीरला राहिले. आणि म्हणूनच मला तिथं राहायचं कारण उरलं नाही. हे माझ्या ध्यानात आलं ते एसटीत बसल्यावर. अप्पांचं घर वाचावं म्हणून मी एवढी धडपडले, ते वाचलं, आणि मी माझ्या दोन खोल्यांकडे निघाले होते. निघताना मी त्यांना शिवणयंत्राच्या तेलाची एक भरलेली बाटली दिली आणि बजावलं, “खंडेनवमीला हे लावा. घाण्याचं नाही.”

“हाव,” ते म्हणाले. ते फक्त उंबऱ्यापर्यंत आले.

नांदेडला मी कुलूप उघडलं तर खोल्यांत बंद घराचा वास होता. त्या संध्याकाळी मी खाली बसून रडले. कशासाठी, ते मला कुणाला सांगता आलं नसतं. पुढे पाऊस पडला, पोरी परत आल्या, मशिनी चालू झाल्या. दिवस जात होते.

दसरा होऊन काही दिवस झाले आणि आमच्या खालच्या किराणा दुकानात उदगीरहून फोन आला. दुकानदारानं हाक मारली, मी धावत गेले. अप्पांचा आवाज. “अव्वा, हत्यार परत बसलं गं. न्हाई सरकत. येतीस का?”

मी बाटलीत रॉकेल घेऊन गेले. झाकण खरंच अडकलं होतं. खोबणीत पिवळं तेल, आमच्या घाण्याचं, थर साचेल इतकं चोपडलेलं. मी विचारणार होते. तेवढ्यात कोनाड्यात मी दिलेली बाटली दिसली. काठोकाठ भरलेली, टोपणाची पट्टीसुद्धा फाडलेली नव्हती. बाजूलाच अप्पा बसले होते आणि पोत्यावरच्या मुंगीकडे फार लक्ष देऊन बघत होते.

मी विचारलं नाही. वाटीत रॉकेल ओतलं आणि म्हणाले, “हवा बदलली की होतं असं.”

“व्हतं,” अप्पा म्हणाले. “लई व्हतं.”

साफ करायला एक दुपार पुरली असती, पण मी आठ-दहा दिवस राहिले. दोन माणसांच्या स्वयंपाकाला चव येते. पुढच्या दसऱ्यानंतर परत फोन आला, त्याच्या पुढच्या दसऱ्यानंतरही. मी दर वेळी तेच म्हणायची, हवा बदलली. तेही तेच म्हणायचे. आमच्या घरात ‘तुझ्यावाचून करमत नाही’ असं कुणी कुणाला म्हटलेलं मला आठवत नाही. आईला अप्पा म्हणाले असतील का, देव जाणे. एवढ्याशा पिस्तुलानं ते काम केलं. मी खंडेनवमी यायच्या आधीच रॉकेल साठवून ठेवायला लागले होते.

शेवटच्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी दुकानदारानं खालून हाक मारली, “बाई, उदगीरचा फोन!” मला वाटलं, अप्पांना या वेळी दम निघाला नाही. मी आधी बाटली भरली, बूच घट्ट लावलं, पिशवीत ठेवली आणि मग जिना उतरले. मनातून खुशीत होते. फोन कानाला लावला तर आवाज अण्णाचा होता.

पहाटे, झोपेतच गेले ते. आमच्यात माणसाला बसवून मूठमाती देतात. जंगम गुरूंनी त्यांचं लिंग गळ्यातून काढून डाव्या तळहातावर ठेवलं आणि त्यावर बोटं मिटली. त्या तळव्यावर मी किती तांबे पाणी घातलं होतं, ते आठवून मला हुंदका आला. अण्णानं मला धरलं. तोही रडत होता.

सगळं आटपल्यावर पिस्तूल ठाण्यात जमा करायचं होतं. अण्णा म्हणाला, “तू चल, तुला त्यातलं कळतं.” ठाण्यातल्या हवालदारांनी ते हातात घेतलं, रिकामं आहे का बघायला झाकण ओढलं. ते निम्म्यावर येऊन थांबलं. त्यांनी जोर केला. बोटांना काहीतरी लागलं, त्यांनी वास घेतला.

“बाई, याला खायचं तेल कुनी चोपडलंय? ताजंच दिसतंय, पुरतं वाळलं बी न्हाई अजून.”

अण्णानं माझ्याकडे बघितलं. त्याला काही ठाऊक नव्हतं. मी सांगितलं, “अप्पांनी. खंडेनवमीला. मला बोलवायचं होतं म्हणून.”

हवालदारांना त्यातलं काही समजलं नसावं. ते म्हणाले, “रॉकेल लावलं की सुटंल लगेच. मागवू का?”

माझ्या पिशवीत बाटली होती. नांदेडहून निघताना भरलेली, तशीच. मी पिस्तूल त्यांच्या हातातून घेतलं, तोंड भिंतीकडे केलं, डावा तळवा वर ठेवला, कोपर अंगाला दाबलं आणि खांद्यानं ढकललं. झाकण चिकटत, कुरकुरत सगळं मागे आलं. आत काही नव्हतं. हवालदारांनी वाकून बघितलं आणि मान हलवली.

“सोडा आता,” ते म्हणाले.

मला एकदम सोडता आलं नाही. मी ते हातानं हळूहळू पुढे नेत गेले, आणि ते मध्येच अडलं. तसंच मी ते टेबलावर ठेवलं.

संध्याकाळच्या एसटीनं मी निघाले. बोटं चिकट झाली होती, त्यांना आमच्या घाण्याचा वास येत होता. मुखेडला गाडी थांबली. लोक नळावर हातपाय धुवायला उतरले. शेजारची बाई म्हणाली, “उतरायचं न्हाई का? पानी हाय नळाला.” मी नको म्हणाले आणि हात पदराखाली घेऊन बसून राहिले.